दुखणं सोसायचंच, असं कुणी सांगितलं?

मैत्रिणींनो, आज एक कबुली द्यायची आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या पन्हेरीवर कामाला जाणारी एक बाई, माझ्या घरामागच्या गल्लीतली. जंभेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिच्या छातीत गाठ निघाली, कॅन्सरचं निदान झालं आणि ऑपरेशन करून एका बाजूचा स्तन काढावा लागला. मी भेटायला गेले तो ऑपरेशनचा दुसरा दिवस. टॉवेलचा कोपरा दातांत धरून, भिंतीकडे तोंड करून ती पडली होती. कपाळावर घाम. मी म्हटलं, "दुखत असन तर नर्सले सांग ना वं." तर म्हणाली, "सांगून काय होते बाई? एवढं मोठं ऑपरेशन झालं, दुखनारच. बाईच्या जातीले सोसाच लागते."

मी घरी आले आणि येईल-जाईल त्याला सांगत सुटले, "काय सोशिक बाई आहे! कण्हलीसुद्धा नाही." मला ते कौतुक वाटत होतं. आज त्या कौतुकाची लाज वाटते. कारण त्या सोसण्याची किंमत तिनं पुढे दोन वर्षं मोजली. दुखतं म्हणून तिनं तो हात हलवलाच नाही. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले होते, पण हात खांद्यापर्यंत नेला तरी डोळ्यांतून पाणी यायचं. खांदा धरला तो धरलाच. आंबिया बहाराचा तोडा सुरू झाला, सगळ्या बायका बगिच्यांत गेल्या, पण हिला फांदीपर्यंत हात नेता येईना की संत्र्याची पाटी डोक्यावर चढवता येईना. कॅन्सर बरा झाला, मजुरी मात्र गेली.

हे सगळं आता आठवायचं कारण माझी भाची. ती नागपूरला शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी तिचंही असंच ऑपरेशन झालं. त्या वेळी शुद्धीवर आल्यावरचे पहिले दोन दिवस म्हणजे नुसती आग आणि ओकाऱ्या. दुखणं थांबावं म्हणून दिलेल्या जोराच्या इंजेक्शनानं गुंगी यायची, मळमळ व्हायची आणि ओकारी आली की टाक्यांवर ताण येऊन पुन्हा दुखायचं. यंदा तिनं दुसरं ऑपरेशन करून घेतलं, ते स्तन पुन्हा घडवण्याचं. पाठीचा स्नायू वरच्या कातडीसकट पुढे आणून डॉक्टरांनी तिथे नवा आकार केला. म्हणजे या खेपेला जखमा दोन, छातीवर एक आणि पाठीवर एक. मी मनाची तयारी करूनच गेले होते. पाहते तर संध्याकाळी ही पोरगी उशीला टेकून बसलेली आणि मलाच विचारते, "मावशी, चहा घेतलास का?"

मला वाटलं, कुठलं तरी नवीन भारी औषध असेल. तसं काहीच नव्हतं. ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांनी पाठीच्या कण्याच्या बाजूला एक इंजेक्शन देऊन त्या भागाच्या नसा सुन्न करून ठेवल्या होत्या. डॉक्टर त्याला 'नर्व्ह ब्लॉक' म्हणतात.

नस म्हटलं की आपल्याला रक्ताची नस आठवते. ही ती नाही. ही संवेदनेची नस, पुस्तकी भाषेत चेतातंतू. विजेच्या तारेसारखं तिचं काम. छातीवर जखम झाली की 'दुखतंय' हा निरोप या तारेतून कण्यापर्यंत आणि तिथून मेंदूपर्यंत जातो. छातीच्या तारा कण्यातून निघून दोन-दोन फासळ्यांच्या मधून पुढे येतात, काखेतही त्यांची एक फांदी जाते. वाटेतच त्यांच्याभोवती सुन्न करणारं औषध सोडलं, तर निरोप पुढे पोचतच नाही. दाढ काढताना हिरडीत देतात किंवा सीझरच्या वेळी पाठीत देतात, त्याच जातीचं हे औषध. आपल्यापैकी कितीतरी जणी सीझरच्या टेबलावर जाग्या राहून बाळाचं पहिलं रडणं ऐकून आल्या आहेत. तेव्हा ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही.

इंजेक्शन कुठे द्यायचं, याच्या तीन-चार पद्धती आहेत. कण्याला लागून द्यायची पद्धत जुनी आणि भरवशाची, पण तिथून फुप्फुसाचं आवरण जवळ असतं, म्हणून हात सराईत लागतो. २०११ साली रफाएल ब्लँको या भूलतज्ज्ञांनी छातीच्या दोन स्नायूंच्या मधल्या पदरात औषध सोडायची पद्धत मांडली. २०१६ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी पाठीच्या लांब स्नायूखाली औषध सोडण्याची आणखी एक रीत दाखवली, त्यात सुई फुप्फुसापासून लांब राहते. या नव्या पद्धतींत सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचं टोक बघत बघत औषध सोडतात. अंदाजपंचे काम नाही. कामाला वेळही फार लागत नाही, पाव ते अर्धा तास. बहुतेक वेळा पूर्ण भूलही देतातच, म्हणजे ऑपरेशन चाललेलं आपल्याला कळत नाही. ब्लॉकचा उपयोग होतो तो जाग आल्यावर.

स्तन पुन्हा घडवण्याच्या ऑपरेशनात हा ब्लॉक जास्तच मोलाचा. कारण तिथे दुखणं एका जागी नसतं. सिलिकॉनचा आकार छातीच्या स्नायूखाली बसवला, तर तो स्नायू ताणला जाऊन आखडतो. पाठीचा स्नायू आणला तर पाठ दुखते. पोटाची चरबी-कातडी वर आणली तर पोटाला आडवा लांब टाका पडतो. तेव्हा छातीच्या जोडीनं पोटाच्या नसांसाठी वेगळा ब्लॉक द्यावा लागतो. म्हणून 'ब्लॉक देणार का' एवढंच विचारून भागत नाही, 'कुठल्या कुठल्या जागेसाठी' हेही विचारायला हवं. माझ्या भाचीला छातीचं दुखणं जवळजवळ नव्हतं, पाठीच्या खालच्या टोकाला मात्र ठणका होता. तिनं तो सांगितला आणि त्यावर औषध मिळालं.

आता कुणी म्हणेल, स्तन पुन्हा घडवायची गरजच काय? भाचीच्या घरीही हाच प्रश्न निघाला. "दोन लेकरं झाली, आता कायले पाहिजे?" तिचं उत्तर साधं होतं. "फळ्यावर लिहायले हात वर केला, की ब्लाऊजमधला कापडाचा बोळा सरकते. वर्गात साठ पोरं मागं बसलेली असतात. रोज तेच टेन्शन." हा हौसेचा नाही, रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे. जिला नको असेल तिनं करू नये, त्यातही काही कमीपणा नाही. पण जिला हवं आहे तिनं 'पुन्हा तेवढं दुखणं नको बाई' एवढ्याच भीतीनं मागे फिरावं, हे काही बरोबर नाही. ती भीती बरीच कमी करता येते, हे तिला माहीत तर हवं.

भारतातल्या बायकांमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे. २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना नव्यानं स्तनाचा कॅन्सर झाल्याचा जागतिक नोंदींचा अंदाज आहे. आणि दुखणं टाके काढले की संपतं, असंही नाही. डेन्मार्कमध्ये तीन हजारांवर बायकांना ऑपरेशननंतर दोन-तीन वर्षांनी विचारलं, तेव्हा ४७ टक्के जणींनी अजून दुखतं म्हणून सांगितलं. २००९ साली ही पाहणी प्रसिद्ध झाली. छातीत ओढ, काखेत मुंग्या, दंडाच्या आतल्या बाजूला आग. आपल्याकडच्या बायकांना हे होत नाही असं नाही, आपण ते बोलत नाही.

ब्लॉकनं नक्की काय मिळतं, ते मोजूनमापून सांगते, कारण वाढवून सांगितलेल्या गोष्टीचा पुढे त्रास होतो. पहिले काही तास, बऱ्याच वेळा पहिला दिवस, दुखणं खूप कमी राहतं. जोराची गुंगीची औषधं कमी लागतात, म्हणून ओकाऱ्या आणि गुंगी कमी. बाई लवकर उठून बसते, लवकर खाते, हात हलवायला धजावते. बारीक नळी बसवून औषध चालू ठेवलं तर हा आराम दोन-तीन दिवसही टिकवता येतो. पण ब्लॉक उतरतो, आणि कधी कधी मध्यरात्री एकदम उतरतो. म्हणून 'आता दुखत नाही तर गोळी कशाला' असं करायचं नाही. ठरलेल्या वेळेची गोळी ठरलेल्या वेळी घ्यायची, म्हणजे ब्लॉक उतरेपर्यंत गोळीनं काम सुरू केलेलं असतं. भाचीनं पहिल्या रात्री इथेच चूक केली आणि पहाटे तीनला तिला त्याचा प्रसाद मिळाला.

वर्षानुवर्षं राहणारं दुखणं ब्लॉकनं टळतं का? काही अभ्यास म्हणतात, थोडं टळतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेला, वेगवेगळ्या देशांतल्या १३ रुग्णालयांत दोन हजारांवर बायकांवर झालेला मोठा अभ्यास मात्र म्हणतो की, सहा महिन्यांनी आणि वर्षानं बघितलं तर फरक दिसला नाही. ब्लॉकमुळे कॅन्सर परत येणं कमी होतं का, हेही त्यात तपासलं होतं. तसंही काही आढळलं नाही. तेव्हा ब्लॉक दुखण्यासाठी आहे, कॅन्सरसाठी नाही, हे लक्षात ठेवावं.

इथे एक गल्लत होण्यासारखी आहे, म्हणून आपल्या मुंबईची गोष्ट सांगते. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ ते २०२२ या काळात देशातल्या ११ रुग्णालयांत १६०० बायकांवर एक अभ्यास केला. निम्म्या बायकांना ऑपरेशनच्या आधी गाठीच्या चारी बाजूंनी लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं, म्हणजे दातांच्या डॉक्टरांकडे असतं तेच औषध. सात ते दहा मिनिटं थांबले आणि मग गाठ काढली. पाच वर्षांनी बघितलं, तर इंजेक्शन न घेतलेल्यांपैकी ८६.४ टक्के बायका हयात होत्या आणि इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के. शंभरामागे जवळजवळ चार जणी जास्त! तेही अगदी थोडक्या खर्चाच्या, गावच्या मेडिकलमध्येही मिळणाऱ्या औषधानं. २०२२ मध्ये हा निकाल पॅरिसच्या परिषदेत मांडला गेला आणि पुढच्या वर्षी तो छापून आला. ऑपरेशनच्या वेळी कॅन्सरच्या पेशींना इकडेतिकडे पसरायला त्यामुळे अटकाव होत असावा, असा डॉक्टरांचा कयास आहे. हे इंजेक्शन म्हणजे नर्व्ह ब्लॉक नव्हे. औषधं एकाच जातीची, पण जागा वेगळी आणि हेतूही वेगळा. गाठीचं ऑपरेशन व्हायचं असेल, तर दोन्हींबद्दल वेगवेगळं विचारा.

मग एवढी चांगली गोष्ट आपल्यापर्यंत पोचत का नाही? एक कारण सोयींचं आहे. ब्लॉकला शिकलेला भूलतज्ज्ञ हवा आणि सोनोग्राफीचं मशीन हवं. आपल्याकडे गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यानं प्रत्येक मशीनची नोंद लागते, ते वाटेल तिथे नेता येत नाही. तो कायदा हवाच, आपल्या लेकींसाठीच तो आहे. पण म्हणून मोठ्या रुग्णालयांनी ऑपरेशन थिएटरसाठी रीतसर नोंद करून मशीन ठेवायला नको का? आम्ही इथून जलालखेडा, काटोल करत नागपूरला जातो, नाहीतर मोर्शीवरून अमरावतीला. एवढं अंतर तोडून गेलेल्या बाईला निदान तिथे तरी ही सोय मिळायला हवी.

दुसरं कारण आपल्यातच आहे. ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ तपासतात, आपण त्याला 'फिटनेस' म्हणतो. ती वेळ कधी बघितली आहे? डॉक्टर प्रश्न बाईला विचारतात आणि उत्तरं नवरा देतो. नवरा नसेल तर मुलगा. बाई मान खाली घालून बसलेली. बीपीची गोळी कुठली, हेही तोच सांगतो. बिचारा काळजीनंच सांगतो, पण त्याला तिच्या दुखण्याचं काय माहीत? पुढे वॉर्डात सिस्टर विचारतात, "शून्य ते दहात किती दुखतं?" आठ दुखत असतं आणि आपण सांगतो, "बरं आहे." कशाला त्रास द्यायचा त्यांना! जसं काही आपलं दुखणं म्हणजे दुसऱ्याला दिलेला त्रास.

हे सोसणं पूर्वी नाइलाजाचं होतं. फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेचा स्तन १८११ मध्ये पॅरिसला काढला, तोही भूल न देता. भूल तेव्हा तिथे नव्हतीच. ती त्यातून वाचली, पुढे २८ वर्षं जगली. पण त्या ऑपरेशनची हकिकत बहिणीला पत्रात लिहायलाच तिला कित्येक महिने लागले. त्याच्याही आधी, १८०४ साली, जपानमध्ये हानाओका सेइशू या वैद्यानं वनस्पतींचा काढा देऊन, बाईला बेशुद्ध करून तिच्या स्तनाची गाठ काढली होती. त्या काढ्याचा प्रयोग आधी त्याच्या आईनं आणि बायकोनं स्वतःवर करून घेतला आणि त्यापायी बायकोची दृष्टी गेली, असं सांगतात. बायकांचं दुखणं थांबावं म्हणून बायकांनीच एवढं मोल दिलेलं आहे. आणि आपण आज औषध समोर असताना दातांत टॉवेल धरून पडतो!

ब्लॉक अगदी बिनधोक आहे असं मी म्हणणार नाही. क्वचित फुप्फुसाच्या आवरणाला सुई लागते, क्वचित औषध रक्तात जास्त जाऊन त्रास होतो, तिथे रक्त साकळतं, आणि कधी ब्लॉक लागूच पडत नाही. म्हणूनच तो थिएटरमध्ये, मॉनिटर लावून देतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, आधी सुन्न करायच्या औषधाची रिॲक्शन आली असेल, पाठीच्या कण्याचं ऑपरेशन झालं असेल, तर हे आपल्या तोंडानं भूलतज्ज्ञांना सांगायचं. आणखी एक. सुन्न जागी चटका बसला तरी कळत नाही. ब्लॉक उतरतो, पण नव्यानं घडवलेल्या स्तनाची कातडी महिनोन् महिने, कधी कायमची बधिर राहते. तिथे गरम पाण्याची पिशवी चुकूनही ठेवू नका.

आता विचारायचं काय, तर एवढंच. डॉक्टर, दुखू नये म्हणून माझ्यासाठी काय करणार? ब्लॉक देता येईल का, आणि कुठल्या जागेसाठी? तो किती तास टिकेल आणि उतरल्यावर कुठली गोळी, किती वाजता? रात्री जास्त दुखलं तर कुणाला हाक मारायची? हात हलवायचे व्यायाम कधीपासून? हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्या. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून लिहून घ्या, तिलाही कळू द्या. पैशाचं म्हणाल, तर २ जुलै २०१२ ला राज्यात ज्या आठ जिल्ह्यांत आधी जीवनदायी योजना सुरू झाली, त्यांत आपला अमरावती जिल्हा होता. आज ती महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. कॅन्सरची ऑपरेशनं तिच्यात आहेत. स्तन घडवण्याचं ऑपरेशन आणि ब्लॉक आपल्या रुग्णालयात त्यात बसतात का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या. नंतर बिल हातात आल्यावर नव्हे.

एखादे डॉक्टर म्हणतील, आमच्याकडे ब्लॉक होत नाही. हरकत नाही. मग दुसरं काय करता, ते तरी सांगतील. विचारल्यानं कुणी रागावत नाही, आणि रागावलंच तर रागावू द्यावं. दुखणं आपलं आहे.

परवा त्या पन्हेरीवाल्या बाईला मी भाचीची गोष्ट सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतली. मग आपला आखडलेला हात खांद्यापाशी नेऊन थांबवला आणि म्हणाली, "मले तवा कोनी सांगतलंच नाही वं बाई." मला उत्तर देता आलं नाही. तिला तेव्हा सांगायला मी होते, पण मी तिच्या सोसण्याचं कौतुक करत बसले होते.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरात, गल्लीत, भिशीच्या मंडळात कुणाचं असं ऑपरेशन ठरलं असेल, तर संत्री घेऊन भेटायला नंतर जा. आधी जाऊन एवढं सांगा, की दुखणार नाही असं करता येतं, विचारून बघ.